द्रव्याचा एक शब्द, चार भाषा

(व्याख्यानात चिनी अक्षरं पडद्यावर दाखवली होती. शब्दांकनात त्यांचं वर्णन शब्दांत दिलं आहे.)

शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कसे जातात आणि तिकडे गेल्यावर त्यांचं काय होतं, हे आपण या मालेत बघतो आहोत. आज आपण एकच शब्द घेणार आहोत. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्या काही पानांतच येणारा शब्द: द्रव्य. ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापतं ते द्रव्य, अशी व्याख्या आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाठ केलेली आहे.

तर या द्रव्याला चीनमध्ये म्हणतात ‘वूझी’. जपानमध्ये ‘बुश्शित्सु’. कोरियात ‘मुल्जिल’. आणि व्हिएतनाममध्ये ‘वत् चत्’. ऐकायला चार वेगळे शब्द वाटतात. पण हे चारही एकच आहेत. चिनी लिपीतली तीच दोन अक्षरं, चार ठिकाणी चार तऱ्हेने उच्चारलेली.

आता यात नवल काय, असं कुणी विचारेल. आपल्याकडे ‘विज्ञान’ हा शब्द मराठीत आहे, बंगालीत आहे, कन्नडमध्ये आहे. उच्चार थोडे बदलतात, शब्द तोच. बरोबर आहे. पण पूर्व आशियातल्या या गोष्टीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्याही कामाचा आहे. परिभाषेचा शब्द ज्या मुळावर उभा आहे, ते मूळच लोकांना दिसेनासं झालं, तर त्या शब्दाचं काय होतं? तो पोकळ होतो का? मराठीत परिभाषेवर वाद झाला की हा मुद्दा हमखास निघतो. त्याचं उत्तर शोधायला हा शब्द फार सोयीचा आहे. दोन देशांनी त्याच्या खालची अक्षरं काढून घेतली, दोघांनी ठेवली. जणू प्रयोगच झाला.

उच्चार असे का बदलले?

आधी उच्चारांचं बघू. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या चिनीत या दोन्ही अक्षरांच्या शेवटी ‘त्’ होता. ढोबळमानाने ‘म्युत्’ आणि ‘चित्’ असे ते उच्चार होते. त्याच सुमाराला, काही शतकांच्या अंतराने, कोरियाने, जपानने आणि व्हिएतनामने चिनी अक्षरं उच्चारांसकट उचलली.

आता त्या शेवटच्या ‘त्’चं काय झालं ते बघा. व्हिएतनामीने तो जपला: वत् चत्. दक्षिण चीनमधल्या कँटोनीजनेही जपला: मत् चत्, यातला च ‘चमचा’तला. कोरियनमध्ये त्या ‘त्’चा सरसकट ‘ल्’ झाला: मुल्, जिल्. जपानीला शब्दाच्या शेवटी ‘त्’ उच्चारताच येत नव्हता, म्हणून तिने पुढे स्वर जोडला: बुत्सु, शित्सु. दोन्ही एकत्र आले की बुश्शित्सु. आणि बीजिंगच्या चिनीने तो ‘त्’ टाकूनच दिला: वू, झी. (हा ‘झी’ आपल्या ‘ई’ने संपत नाही. जीभ मागे वळवून तो म्हणायचा असतो. देवनागरीत एवढंच जवळ जाता येतं.)

हे खरं कशावरून? आपल्या घरचाच एक शब्द लावून बघू: बुद्ध. तो चीनमध्ये गेला तेव्हा एका अक्षरात बसला आणि त्याच्याही शेवटी ‘त्’ होता. आज व्हिएतनामीत बुद्धाला म्हणतात ‘फत्’. कँटोनीजमध्येही ‘फत्’. कोरियनमध्ये ‘बुल्’, तिथलं प्रसिद्ध बुल्गुक्सा मंदिर म्हणजे बुद्धाच्या देशाचं मंदिर. जपानीत ‘बुत्सु’, कामाकुराचा दाइबुत्सु म्हणजे मोठा बुद्ध. आणि बीजिंगच्या चिनीत नुसताच ‘फो’. द्रव्याच्या शब्दाचं जे झालं, तेच अगदी त्याच नियमाने बुद्धाचं झालं. उच्चारबदल असे आंधळे असतात. समोर बुद्ध आहे की दगड, ते बघत नाहीत.

बैल आणि कवडी

आता ही दोन अक्षरं उघडून बघू.

पहिल्या अक्षरात डावीकडे बैल आहे. खरोखरचा बैल, शिंगांची खूण त्यात अजून ओळखू येते. उजवीकडचा भाग मुख्यतः उच्चार सुचवतो. या अक्षराचा अर्थ ‘वस्तू’. आता बैलाचा आणि वस्तूचा काय संबंध? इसवी सन १००च्या सुमारास शू शेन नावाच्या विद्वानाने चिनी अक्षरांचा मोठा कोश केला. त्याने याची फोड अशी केली की हे अक्षर जगातल्या यच्चयावत वस्तूंसाठी आहे, आणि बैल ही त्यांतली मोठी वस्तू, म्हणून बैल. विसाव्या शतकात वांग ग्वोवेई या अभ्यासकाने वेगळं मत मांडलं. मूळ अर्थ ठिपक्यांचा, मिश्र रंगाचा बैल. त्यावरून निरनिराळे रंग, त्यावरून निरनिराळे प्रकार, आणि त्यावरून प्रकारप्रकारच्या वस्तू. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे पटायला जड जाणार नाही. बांडा, कबरा, पवळा, ढवळा असे बैलांचे रंग वेगळे करता करताच माणूस वर्गीकरण शिकतो.

हे अक्षर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ओळखीचं आहे. जपानी लोक हेच अक्षर आपल्या देशी शब्दाने ‘मोनो’ असंही वाचतात. किमोनो म्हणजे अंगावर घालायची वस्तू. ताबेमोनो म्हणजे खायची वस्तू. आपण ‘खाद्यपदार्थ’ म्हणतो आणि ‘पदार्थविज्ञान’ही म्हणतो, एकच शब्द स्वयंपाकघरात आणि प्रयोगशाळेत, तसंच ते झालं. प्राण्याला चारही भाषांत ‘हलणारी वस्तू’ म्हणतात, वनस्पतीला ‘रोवलेली वस्तू’. आणि पदार्थविज्ञानाला ‘वस्तूंमागचं तत्त्व’: चिनीत वूली, जपानीत बुत्सुरी, कोरियनमध्ये मुल्ली, व्हिएतनामीत वत् ली.

दुसरं अक्षर जास्त मजेदार आहे. वर शेजारी शेजारी दोन कुऱ्हाडी आणि खाली शिंपला. हा शिंपला म्हणजे कवडी. प्राचीन चीनमध्ये कवड्या मौल्यवान होत्या, त्यामुळे खरेदी, विक्री, किंमत, कर्ज अशा पैशाच्या शब्दांत हा शिंपला वारंवार दिसतो. ‘कवडीमोल’ म्हणणाऱ्या भाषेला हे वेगळं सांगायला नको.

पण या अक्षराचा जुना अर्थ ‘द्रव्य’ नव्हता. शू शेनच्या कोशात त्याचा अर्थ आहे तारण. गहाण. पैशाच्या बदल्यात ठेवलेली वस्तू. जपानमध्ये सावकाराच्या गहाणवटीच्या दुकानाला आजही ‘शिचिया’ म्हणतात. तो ‘शिचि’ म्हणजे हेच अक्षर. आणि माणूस गहाण ठेवला तर तो ओलीस. ओलिसासाठी चिनी, जपानी आणि कोरियन तिन्ही भाषांत ‘माणूस’ अधिक हेच अक्षर असा शब्द आहे. प्राचीन चीनमध्ये राज्याराज्यांत तह झाला की राजपुत्र ओलीस ठेवायची रीत होती. चीनचा पहिला सम्राट छिन शर ह्वांग याचा बाप असाच झाओ राज्यात ओलीस होता. इसवी सनापूर्वी २५९ साली हा मुलगा जन्मला तोही तिथेच, शत्रूच्या राजधानीत.

मग गहाणापासून द्रव्यापर्यंत मजल कशी गेली? गहाण ठेवायला खरी, भरीव, किमतीची वस्तू लागते. नुसता शब्द चालत नाही. म्हणून याच अक्षराला ‘आतला खरा ऐवज’, ‘मूळ घडण’, ‘वरची सजावट काढल्यावर उरतं ते’ असेही अर्थ होते. कन्फ्यूशियसच्या संवादांत हे अक्षर त्या अर्थाने येतं. त्याचं म्हणणं साधारण असं, की माणसात मूळ घडण जास्त झाली तर तो रांगडा, संस्कार जास्त झाले तर तो नुसता दिखाऊ. दोन्हींचा तोल हवा. पुढे गुणवत्ता, दर्जा हा अर्थही त्यातूनच आला.

म्हणजे बैलवाली वस्तू आणि कवडीवालं तारण, ही दोन अक्षरं मिळून ‘द्रव्य’. जगातल्या वस्तू ज्या ऐवजाच्या बनलेल्या आहेत, तो.

भारतातून गेलेला शब्द का टिकला नाही?

इथे तुमच्या मनात एक शंका यायला हवी. द्रव्याचा विचार तर आपल्याकडे वैशेषिकांनी केव्हाच केला होता. बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातले हजारो शब्द चीनमध्ये गेले. मग द्रव्य गेलं नाही का?

गेलं होतं. आणि नेलं कुणी, तर ह्युएनत्संगने. सातव्या शतकात भारतभर फिरलेला, महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचं वर्णन लिहून ठेवणारा हाच तो भिक्षू. परत गेल्यावर त्याने भाषांतराचा प्रचंड उद्योग मांडला. त्यात ६४८ साली त्याने मतिचंद्राचं ‘दशपदार्थशास्त्र’ चिनीत आणलं. हा बौद्ध नव्हे, वैशेषिकांचा ग्रंथ. त्याचं मूळ संस्कृत आज उपलब्ध नाही. ह्युएनत्संगच्या चिनीतच तो उरला.

त्यात ‘पदार्थ’ या शब्दासाठी त्याने ‘पदाचा अर्थ’ असं शब्दशः चिनी रूप केलं. ‘द्रव्या’साठी त्याने घेतलं ‘शर’ असं काहीसं उच्चारलं जाणारं अक्षर, त्याचा अर्थ खरं, भरीव. परमाणूसाठी ‘जीवेई’, म्हणजे अतिसूक्ष्म. म्हणजे बाराशे वर्षं आधी सगळी सामग्री तयार होती. तरी एकोणिसाव्या शतकात पूर्व आशियाला द्रव्यासाठी शब्द हवा झाला, तेव्हा हा शब्द निवडला गेला नाही.

याचं एक कारण अर्थातच आहे. वैशेषिकांची द्रव्यं नऊ. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच. पण त्यांच्या जोडीला काल, दिशा, आत्मा आणि मनही. काळ आणि आत्मा ज्यात बसतात ते द्रव्य आणि तराजूत घालून मोजायचं ते द्रव्य, या एक गोष्टी नव्हेत. आणि हे आपल्यालाही लागू आहे बरं का. आपण मराठीत ‘द्रव्य’ हा शब्द विज्ञानासाठी वापरला, तेव्हा काल, आत्मा आणि मन यांना आपण गुपचूप बाहेर काढलं. वर ‘द्रव्यलोभ’ म्हणताना त्याच शब्दाचा अर्थ पैसा होतो. तेव्हा चिन्यांनी नवा शब्द केला आणि आपण जुना जपला, असं समजू नका. आपणही नवाच शब्द केला, फक्त जुन्या कपड्यांत.

शब्द पक्का कुठे झाला?

दोन्ही अक्षरं प्राचीन. पण त्यांची जोडी ‘द्रव्य’ या पारिभाषिक अर्थाने पक्की झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि ती जपानमध्ये.

जपानने त्याआधीच डच पुस्तकांतून विज्ञान शिकायला सुरुवात केली होती. उदागावा योआन या वैद्याने १८३७पासून रसायनशास्त्राचा एक मोठा ग्रंथ भागाभागाने छापला आणि त्यात शब्द घडवले. हायड्रोजन म्हणजे ‘सुइसो’, पाण्याचं मूलद्रव्य. ऑक्सिजन म्हणजे ‘सान्सो’, आम्लाचं मूलद्रव्य. १८६८नंतर, मेइजी काळात, या कामाला राज्याचा वेग आला. कायदा, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, पदार्थविज्ञान, सगळं एकदम हवं होतं. निशी आमाने याने तत्त्वज्ञानाला ‘तेत्सुगाकु’ हा शब्द दिला. १८८१ साली इनोऊए तेत्सुजिरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तत्त्वज्ञानाच्या परिभाषेचा कोश काढला. ही माणसं चिनी अभिजात ग्रंथांवर वाढलेली होती. नवा शब्द करायचा तर ते चिनी अक्षरांकडेच वळत. आपले विद्वान संस्कृत धातूंकडे वळले, तसंच.

चीनमध्येही काम चालू होतं. शांघायच्या ज्यांगनान शस्त्र कारखान्याच्या भाषांतर विभागात शू शौ आणि जॉन फ्रायर यांनी रसायनशास्त्राची पुस्तकं केली आणि मूलद्रव्यांना स्वतःची नावं दिली. पण १८९५ साली चीन जपानकडून युद्ध हरला आणि चित्र पालटलं. ज्याला आपण लिपी शिकवली तो जिंकला कसा, हे शिकायला चिनी विद्यार्थी १८९६पासून जपानला जाऊ लागले, काही वर्षांत हजारोंच्या संख्येने. परत येताना त्यांच्या पिशवीत जपानी पुस्तकं होती आणि पुस्तकांत चिनी अक्षरांचेच, पण जपानमध्ये घडलेले शब्द. येन फू या मोठ्या भाषांतरकाराला हे पसंत नव्हतं. १८९८ साली त्याने हक्सलेचं उत्क्रांतीवरचं पुस्तक डौलदार जुन्या चिनीत आणलं. त्यात द्रव्यासाठी तो कवडीवालं एकटं अक्षरच वापरतो. त्याची चिनी जास्त देखणी होती. पण जिंकले जपानी शब्द. कारण ते सोपे होते, आयते होते आणि घाई होती.

कोरियात हे शब्द गेले त्याची गोष्ट इतकी साधी नाही. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. शाळा जपानी, पुस्तकं जपानी. ‘मुल्जिल’ हा शब्द कोरियन उच्चाराचा, पण विज्ञानाच्या या सगळ्या परिभाषेचा बराचसा भाग ज्या वाटेने आला, त्या वाटेवर शिपाई उभे होते. व्हिएतनाममध्ये फ्रेंच राज्य. तिथे होआंग श्वान हान या गणितज्ञाने १९४२ साली विज्ञानाच्या संज्ञांचा कोश काढला. फ्रेंच संज्ञांना व्हिएतनामी प्रतिशब्द देताना त्याने मोठा भर चिनी मुळाच्या शब्दांवरच दिला. फ्रेंचांच्या सावलीतून बाहेर पडायला जुन्या शेजाऱ्याचं भांडार कामाला आलं.

आणि या घडणीत भारत एका वेगळ्याच जागी सापडतो. जडवादासाठी या भाषांत जो शब्द आहे, जपानीत ‘युइबुत्सुरोन’, चिनीत ‘वेइवूलुन’, त्याचा अर्थ ‘फक्त-वस्तू-वाद’. यातलं ‘फक्त’ कुठून आलं? बौद्ध विज्ञानवादातून. ‘विज्ञप्तिमात्र’ या शब्दातला ‘मात्र’, म्हणजे केवळ जाणीवच आहे, बाहेर वस्तू नाही, हा विचार ह्युएनत्संगने चिनीत ‘वेइ’ हे अक्षर वापरून रुळवला. बाराशे वर्षांनी वस्तूच आहे आणि बाकी तिचा परिणाम, असं म्हणणाऱ्या मताला नाव देताना तोच साचा वापरला गेला. द्रव्य नाकारणाऱ्यांनी द्रव्य मानणाऱ्यांना शब्द पुरवला.

तीच अक्षरं, वेगळा अर्थ

आता कुणी म्हणेल, चला, चौघांचा शब्द एक झाला, म्हणजे विचारही एक झाला. तसं होत नाही.

कवडीवाल्या अक्षरापुढे ‘माप’ या अर्थाचं अक्षर ठेवा. द्रव्याचं माप. हिंदीतल्या ‘द्रव्यमान’सारखं, मराठीतल्या ‘वस्तुमाना’सारखं. जपानीत याचा अर्थ वस्तुमान. कोरियनमध्ये वस्तुमान. चीनमध्ये पदार्थविज्ञानाच्या तासाला वस्तुमान, पण बाजारात गेलात की तोच शब्द म्हणजे मालाचा दर्जा, गुणवत्ता. तैवानमध्ये दर्जासाठी वेगळा शब्द. आणि व्हिएतनामीत ‘चत् लुअंग’ म्हणजे फक्त गुणवत्ता. वस्तुमानाला दुसराच शब्द. आपल्याला याचा अनुभव आहे. हिंदीत ‘शिक्षा’ घ्यायला मुलं शाळेत जातात, आणि मराठीत ती मिळाली तर घरी सांगत नाहीत.

प्रोटॉनचं तर विचारूच नका. चिनीत त्याला नाव आहे कवडीवालं अक्षर अधिक ‘कण’ सुचवणारं अक्षर. पण या दुसऱ्या अक्षराचा मूळ अर्थ ‘मुलगा’. त्यामुळे ‘झीझ’ हा एकच शब्द अणुकेंद्रातल्या प्रोटॉनचा आणि शत्रूकडे ओलीस ठेवलेल्या राजपुत्राचाही. तीच अक्षरं, तोच उच्चार. जपानी आणि कोरियन यांनी प्रोटॉनला धन प्रभारावरून वेगळी नावं दिली. चिनी विद्यार्थी मात्र इतिहासाच्या तासाला हा शब्द वाचतो आणि पुढच्या तासाला पदार्थविज्ञानात पुन्हा वाचतो. गोंधळ होतो का? होत नाही. संदर्भ सांभाळून घेतो.

अक्षरं गेल्यावर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

व्हिएतनाममध्ये दरबारी परीक्षा १९१९ साली शेवटची झाली आणि चिनी अक्षरं शिकायचं मोठं कारण संपलं. आज तिथे रोमन लिपी आहे. कोरियाकडे स्वतःची सुंदर लिपी आहे, हंगुल. दक्षिण कोरियात १९४८ साली सरकारी कागदपत्रं हंगुलमध्ये लिहिण्याचा कायदा झाला, आणि त्यानंतर चिनी अक्षरं रोजच्या वाचनातून हळूहळू जवळपास गेली. पण वाद संपला नाही. एका बाजूचं म्हणणं, अक्षरं काढलीत तर आपल्या भाषेतले हजारो शब्द मुलांना नुसते आवाज म्हणून पाठ करावे लागतील. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, लिपी सर्वांची असली पाहिजे. मूठभरांना कळणाऱ्या अक्षरांवर ज्ञान टांगून ठेवू नका. २०१६ साली हा वाद घटना न्यायालयापर्यंत गेला आणि हंगुललाच अधिकृत लिपी मानणारा कायदा न्यायालयाने वैध ठरवला.

दोन्ही बाजूंना काही खरं आहे, आणि आपला शब्द ते फार छान दाखवतो.

कोरियन भाषेत ‘मुल्जिल’ नावाचा आणखी एक शब्द आहे. तो अस्सल देशी. ‘मुल्’ म्हणजे पाणी आणि ‘जिल्’ हा काम दाखवणारा प्रत्यय. जसं ‘बानुजिल्’ म्हणजे सुईकाम. तर मुल्जिल म्हणजे पाण्यातलं काम. हे काम कुणाचं? जेजू बेटावरच्या हेन्यो बायकांचं, म्हणजे समुद्रात बुडी मारून शिंपले, कालवं आणि समुद्री शेवाळ काढणाऱ्या बायकांचं. पाठीला टाकी नाही, नळी नाही. एका श्वासावर दहा मीटरपर्यंत खाली जायचं, हाताला लागेल ते घ्यायचं, वर यायचं. वर आल्या की रोखलेला श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो. त्यालाही वेगळा शब्द आहे, ‘सुम्बिसोरी’. यांतल्या कित्येक जणी साठी-सत्तरी ओलांडलेल्या.

हंगुलमध्ये हे दोन ‘मुल्जिल’ अगदी सारखे लिहितात. एक विश्वातलं समस्त द्रव्य, आणि एक म्हाताऱ्या बाईची समुद्रातली बुडी. चिनी अक्षरं असती तर डोळ्याला फरक दिसला असता. आता दिसत नाही. अक्षरांच्या बाजूने बोलणारे म्हणतील, बघा, हेच आम्ही सांगत होतो.

पण जरा थांबा. लिहायला सारखे असले तरी बोलताना हे शब्द सारखे नाहीत. बुडी मारायचा तो मुल्जिल, साध्या ‘ज’चा. द्रव्याचा तो ‘मुल्ज्जिल’, ज दाबून. कोरियनमध्ये नियम आहे: चिनी मुळाच्या शब्दात ‘ल्’नंतर असा ज आला की तो कडक होतो. देशी प्रत्ययाच्या ‘ज’ला तो नियम लागत नाही. आणि चिनी मुळाच्या शब्दांतला हा ‘ल्’ म्हणजे कोण? सुरुवातीला बघितलेला तोच जुना ‘त्’. म्हणजे चीनने स्वतःच्या राजधानीत जो ‘त्’ टाकून दिला, लिपीतून जी अक्षरं हद्दपार झाली, त्यांची खूण सोलच्या शाळेतल्या मुलाच्या जिभेवर शाबूत आहे. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही. तो ऐकून शिकला.

तर प्रयोगाचा निकाल काय लागला? अक्षरं ठेवणाऱ्या चीन आणि जपानमध्ये आज कुणी द्रव्य म्हणताना बैल आणि कवडी आठवत नाही. अक्षरं काढणाऱ्या कोरिया आणि व्हिएतनाममध्ये रसायनशास्त्र अडलेलं नाही. शब्द फोडता येतो म्हणून तो समजतो, असं नाही. द्रव्य म्हणजे काय हे प्रयोग करून, शिकून, वापरूनच समजतं. आणि मूळ दिसेनासं झालं म्हणून शब्द मरतो, असंही नाही. पण फुकट काहीच मिळत नाही. अक्षर जाणणारा जपानी विद्यार्थी नवा शब्द पहिल्यांदा भेटला तरी अंदाज बांधू शकतो. हंगुलवाल्याला तो शब्द आधी भेटावा लागतो, चार वाक्यांत वापरावा लागतो. तेवढं जास्त शिकवणं ही त्याच्या शिक्षकाची जबाबदारी होते.

आपल्याकडे संस्कृत परिभाषेला जड म्हणून हसणारे आहेत आणि ती आपोआप समजते असं मानणारेही आहेत. ‘वस्तुमान’ हा शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या सहावी-सातवीतल्या मुलीला त्यातली ‘वस्तू’ दिसते, हे खरं. पण ‘स्थायू’ म्हटल्यावर काय दिसतं? तिथे कुणीतरी बर्फाचा खडा आणि पाण्याचा पेला घेऊन तिच्यासमोर उभं राहावं लागतं. शब्द कुठल्याही मुळाचा असो, हे उभं राहणं चुकवता येत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबू. विश्वात दिसणाऱ्या द्रव्याच्या सुमारे पाचपट असं काहीतरी आहे, जे दिसत नाही, फक्त त्याचं गुरुत्वाकर्षण जाणवतं. आपण त्याला कृष्णद्रव्य म्हणतो. चारही भाषांनी इथेही तोच जुना शब्द वापरला. तिघांनी त्याच्या आधी ‘अंधारा’ लावलं, आणि विशेषण नामानंतर घेणाऱ्या व्हिएतनामीने आपल्या रीतीप्रमाणे नंतर लावलं: वत् चत् तोइ. या कृष्णद्रव्याच्या खुणा शोधायला चीनने १७ डिसेंबर २०१५ला एक उपग्रह सोडला. त्याचं नाव वूखोंग. ह्युएनत्संगच्या भारतयात्रेवर चीनमध्ये जी प्रसिद्ध कादंबरी आहे, तिच्यात त्याची पाठराखण करणाऱ्या वानराचं हे नाव. नावाचा अर्थ, ज्याला शून्यता उमगली तो.

शून्यता उमगलेला वानर अंधारातलं द्रव्य शोधतो आहे. त्या द्रव्याचा शब्द आपल्यापाशी आहे, वस्तू अजून हाती आलेली नाही. कवडीवाल्या अक्षराचा जुना अर्थ तुम्हाला आठवत असेलच. सध्या आपल्याकडे फक्त तारण आहे.

आता प्रश्न घेऊ.